चलनावर ‘३५ गठ्ठे’ लिहिलं होतं

नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये माझी एकतीस वर्षं कागद मोजण्यात गेली. तिथं एक शीट कमी भरली की सेक्शन सुटायचा नाही. रिकामे डबे घेऊन माणसं दाराशी ताटकळायची आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायचो. अशा माणसानं रिटायर झाल्यावर स्वतःची सातशे पुस्तकं एका वितरकाच्या टेम्पोत चढवून दिली आणि चलनावर, म्हणजे माल नेल्याच्या पावतीवर, प्रतींचा आकडा आहे की नाही हेही बघितलं नाही. बायको अजून म्हणते, सरकारचं तेवढं मोजलंत, घरचं सोडलंत.

पुस्तक म्हणजे आमच्या प्रेस वसाहतीच्या आठवणी. डिसेंबर २०२१ मध्ये आडगावला साहित्य संमेलन झालं, तिथल्या ग्रंथप्रदर्शनात तीन दिवस फिरलो आणि डोक्यात किडा शिरला. दोन प्रकाशकांनी नम्रपणे ‘सध्या यादी भरलेली आहे’ कळवलं. मग स्वखर्चानं छापलं. १९२ पानं, डेमी साइज, हजार प्रती. अक्षरजुळणी, कव्हर, बाइंडिंग सगळं धरून प्रत ९२ रुपयांना पडली. किंमत ठेवली ३००. जुलै २०२३ मध्ये वीस-वीस प्रतींचे पन्नास गठ्ठे आमच्या जेलरोडच्या घरी आले आणि दिवाण, माळा, जिन्याखालची जागा सगळं भरून गेलं. तीनेक महिन्यांत नातेवाईक, जुने सहकारी, ओळखीचे असे नव्वदेक लोक झाले. त्यातले निम्मे ‘भेट’ समजून घेऊन गेले. खरी अडचण इथं सुरू होते. छापणं सोपं आहे, पैसे मोजले की होतं. छापलेलं दुकानात पोचवायचं कसं, हे कुणी सांगत नाही.

अशा वेळी ‘वितरक’ भेटला. जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीतून, म्हणजे विश्वासाचं दार आधीच उघडं. चाळिशीचा, बोलायला गोड, पहिल्या भेटीत वाकून नमस्कार. मला ‘अण्णा’ आणि बायकोला ‘काकू’. पुस्तक हातात घेऊन त्यानं पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर मागचं कव्हर, जिथं पुस्तकाचा ओळख क्रमांक म्हणजे आयएसबीएन छापतात. म्हणाला, “अण्णा, आयएसबीएन नाही? मग दुकानदार हातात पण घेणार नाही.” साडेचार हजारांत काढून देतो म्हणाला. दिले.

दिल्लीला केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था आहे, ती हा नंबर फुकट देते. अर्ज ऑनलाइन असतो, लेखक स्वतःच्या नावानं करू शकतो. हे मला वर्षभरानं कळलं. आणखी एक तेव्हाच कळलं, की माझ्या पुस्तकाला लावलेला नंबर त्यानं स्वतःच्या प्रकाशनाच्या नावावर घेतला होता. म्हणजे नोंदीपुरता माझ्या पुस्तकाचा प्रकाशक तो. आम्ही नवरा-बायकोनं चार रात्री बसून नऊशे स्टिकर चिकटवले ते त्याच्या नंबरचे.

मग व्यवहार. त्यानं ५० टक्के मागितले. यात काही गैर नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण नवा माणूस इथंच बिचकतो. वितरक पन्नास घेतो, त्यातले तीस-पस्तीस दुकानदाराला सोडतो, दुकानदार गिऱ्हाइकाला किंवा वाचनालयाला त्यातून सूट देतो. पन्नासचा आकडा ऐकून पळून जायचं कारण नाही. विचारायचं ते वेगळंच: माल विकत घेतोय की जांगड नेतोय? जांगड म्हणजे विकलं तर पैसे, नाही तर माल परत. माझा माल जांगड गेला. परत कधी, कुठल्या अवस्थेत, हरवला तर कुणाच्या खात्यावर, यातलं एक अक्षर कागदावर नव्हतं.

टेम्पो आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. मी सवयीनं प्रत्येक गठ्ठ्याच्या वरच्या प्रतीच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं नंबर टाकले होते, १ ते ३५. पोरगं गठ्ठे उचलत होतं, मी मोजत होतो, आणि तो बोनेटवर चलन ठेवून लिहीत होता. ‘पुस्तके – ३५ गठ्ठे’. खाली ‘एकूण प्रती’ अशी छापील ओळ होती, ती कोरी. वर जीएसटी नंबर नाही, फक्त नाव आणि मोबाइल. मी चलनाची घडी घालून पाकिटात ठेवली आणि त्याला चहा पाजला.

पुढचे काही महिने आमच्यात फक्त एकाच दिशेनं पैसे गेले. वितरणाच्या कॅटलॉगमध्ये पान हवं, सहा हजार. मग सर्वांत मोठा गळ: शासनमान्य ग्रंथ यादी. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात गावोगाव अ, ब, क, ड वर्गाची अनुदानित वाचनालयं आहेत आणि मार्चअखेर जवळ आला की त्यांची खरेदी चालते, हे खरंच आहे. आमच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४० पासूनच्या संस्थेचं नाव घेऊन तो बोलायचा. “यादीत नाव लागलं की अण्णा, आवृत्ती संपली म्हणून समजा. वर थोडं बघावं लागतं.” वर बघायला नऊ हजार. त्या यादीसाठी प्रती पाठवायच्या असतात आणि निवड समिती करते. ‘वर’ कुणीच नव्हतं, ते पैसे नाशिकच्या द्वारका चौकाच्या पुढं गेले असतील असं मला वाटत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये हिशोब आला. विक्री ८६ प्रती. माझे १५० प्रमाणे १२,९००. त्यातून ‘१८ टक्के जीएसटी’ वजा २,३२२. हाती १०,५७८ चा चेक, ५ फेब्रुवारीची तारीख. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, शून्य आहे. आणि ज्याच्या कागदावर जीएसटी नंबरच नाही तो कुठला कर कापतो? पण तेव्हा चेक बघून मला भरून आलं होतं. आयुष्यातला पहिला लेखनाचा पैसा.

“अण्णा, मार्चअखेर आहे, एप्रिलच्या शेवटी टाका.” टाकला. २९ एप्रिलला बँकेचा मेमो, खात्यात पुरेशी रक्कम नाही. फोन केला. “परत टाकू नका, दहा तारखेला रोख घेऊन घरी येतो.” दहा गेली, मग त्याचे वडील आजारी, मग मुलीची ॲडमिशन. मी जूनच्या मध्यावर जिल्हा न्यायालयात वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी दोन तारखा बघितल्या आणि चेक टेबलावर ठेवला. चेक तीन महिने चालतो, तो मे महिन्यातच मेला होता. बाउन्सची नोटीस मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते, तेही गेलं. मला वाटलं होतं तो वेळ मागतोय. तो दिवस मोजत होता.

पोलिसांनी ऐकून घेतलं आणि ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणाले. वकील म्हणाले, वसुलीचा दावा तीन वर्षांत करता येतो, पण चलनात प्रती नाहीत, गठ्ठे आहेत. गठ्ठ्यात वीस होत्या हे कोण सांगणार? माझी वही आहे, म्हटलं. ते हसले नाहीत, पण वहीही उघडली नाही.

मग मी माल परत मागायला लागलो. ऑगस्टमध्ये उत्तर आलं, गोदामात पुराचं पाणी शिरलं, तुमचा सगळा लॉट भिजला. गोदाम अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. नाशिककराला पूर सांगायचा तर जरा विचार करून सांगावा. गोदावरीचं पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी आलं तरी ते अंबडला जात नाही.

डिसेंबरमध्ये सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, फुटपाथवर एक जण पुस्तकं मांडून बसला होता. ‘कोणतेही ५०’. इंग्रजी कादंबऱ्या, स्पर्धा परीक्षेची गाइडं, आणि त्यांच्या मधोमध आमच्या कॉलनीचं कव्हर. एकावर एक अशा बारा-पंधरा प्रती, कोऱ्या करकरीत, पाण्याचा थेंब नाही. मी खाली बसलो. एकेक उचलून शेवटचं पान उघडत गेलो. सहाव्या प्रतीवर कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं माझ्याच हातचं १७.

लॉट कुठून आला विचारलं, तर म्हणाला, “किलोवर घेतला काका, चाळीस रुपये किलो.” घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर प्रत ठेवली. २४८ ग्रॅम. म्हणजे चार प्रतींचा एक किलो, माझी प्रत दहा रुपयांना गेली. माझा खर्च ९२ होता. आता कळतं की अशा माणसाला पुस्तक विकायचंच नसतं. त्याची कमाई आयएसबीएन, कॅटलॉग, यादी यातच झालेली असते. साडेएकोणीस हजार. रद्दीचे पैसे वरकड.

सतरा नंबरच्या प्रतीचा, ढिगाचा आणि त्या पाटीचा फोटो वकिलांना दिला. या वेळी त्यांनी वही उघडली. दावा लावलाय, तारखा पडताहेत.

घरी राहिलेल्या प्रती आता मी स्वतः फिरवतो. एका दुकानात एका वेळी दहा. चलन माझं, त्यावर प्रती आकड्यात आणि अक्षरात, परतीची तारीख, दुकानाचा शिक्का. पहिल्या दहांचा हिशोब झाल्याशिवाय पुढच्या दहा नाहीत. दुकानदार कंटाळतात. एकानं विचारलं, काका, बँकेत होतात का?

आणि पंधरा दिवसांतून एकदा सीबीएसला जातो. पन्नासला एक प्रत, पाच घेतल्या तर दोनशे. छापण्यापेक्षा निम्म्याहून स्वस्त पडते. आतापर्यंत ४१ परत आणल्या, स्टिकर खरवडून काढतो आणि त्याच ठिकाणी माझ्या नावाचा शिक्का मारतो. फुटपाथवाल्याला मी कोण ते सांगितलेलं नाही. परवा त्यानं मी दिसताच गठ्ठा पुढं सरकवला आणि म्हणाला, “काका, तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय. एवढं काय आहे हो त्या पुस्तकात?”