सभागृह गप्प बसलं तर नियमाचं काय?

‘या कायद्याच्या प्रयोजनांसाठी शासनास नियम करता येतील.’ हे कलम बहुतेक प्रत्येक विधेयकात असतं आणि त्यावर कुणी भांडत नाही. भांडायला हवं ते त्यापुढच्या कलमावर: त्या नियमांवर सभागृहाचा लगाम कसा राहणार? मसुदा तुमच्या हाती असेल, तर प्रत्येक पर्यायाला एकच प्रश्न विचारून बघा. सभागृहाने काहीच केलं नाही, तर फायदा कोणाचा?

भारतातल्या नेहमीच्या पद्धतीत फायदा सरकारचा. नियम अधिसूचनेने लागू होतात, मग अधिवेशनाचे एकूण 30 दिवस दोन्ही सभागृहांपुढे ठेवले जातात. बदलायचे किंवा रद्द करायचे तर दोन्ही सभागृहांचं एकमत लागतं, आणि तोवर त्या नियमाखाली जे केलं ते वैधच राहतं. ठेवलेच नाहीत तर? परिणाम कायद्यातच सांगितलेला नसेल, तर नियम सभागृहापुढे ठेवणं केवळ निर्देशात्मक (न ठेवल्याने नियम बाद होत नाही), असं सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये अ‍ॅटलस सायकल प्रकरणात म्हटलं. म्हणजे चूक होते आणि कुणाचंच काही अडत नाही. असे नियम तपासणाऱ्या सभागृहाच्या अधीनस्थ विधान समित्या ते बारकाईने वाचतात, पण त्यांच्या हाती फक्त शिफारस.

ब्रिटनमध्ये दोन वाटा आहेत. पहिलीत नियम लागू होतो आणि 40 दिवसांत कोणतंही एक सभागृह तो रद्द करू शकतं. ऐकायला कडक, पण कॉमन्सने, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहाने, असा नियम शेवटचा फेटाळला तो 1979 मध्ये. दुसरीत सभागृहाची मंजुरी मिळाल्याशिवाय नियम टिकत नाही, तेव्हा गप्प बसण्याचा तोटा सरकारला. तातडी असेल तर नियम आधी लागू करून मंजुरी मागून घेता येते; 2020 च्या साथीत आरोग्यविषयक निर्बंध असेच आले, मंजुरीला मुदत 28 दिवस. दोन्ही वाटांवर दुरुस्ती मात्र सहसा नाही, घ्या नाहीतर टाका.

अमेरिकेचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे एकट्या सभागृहाच्या ठरावाने प्रशासनाचा निर्णय फिरवण्याची सोय सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये, चढ्ढा खटल्यात, घटनाबाह्य ठरवली. 1996 च्या कायद्याने नवी वाट काढली: दोन्ही सभागृहांचा ठराव आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही. आता ज्यांच्या प्रशासनाने नियम केला तेच तो रद्द करायला सही का करतील? म्हणून हे हत्यार चालतं ते सत्ताबदलानंतरच. 2001 मध्ये एकदा चाललं, मग थेट 2017 मध्ये धडाक्याने. त्यात आणखी एक मेख आहे: रद्द झालेल्या नियमासारखाच नियम पुढे नव्या कायद्याशिवाय करता येत नाही.

मला सगळ्यांत हुशारीची वाटते ती ऑस्ट्रेलियाची रचना. नोंदणीनंतर सभागृहाच्या कामकाजाच्या 6 दिवसांत नियम पटलावर आला नाही, तर तो आपोआप संपतो. आल्यावर कामकाजाच्या 15 दिवसांत कोणताही सदस्य नामंजुरीच्या प्रस्तावाची सूचना देऊ शकतो. आणि सूचनेनंतर कामकाजाच्या पुढच्या 15 दिवसांत त्या प्रस्तावाचा निकालच लागला नाही, तर नियम रद्द! चर्चा लांबवून सरकारला काही मिळत नाही. एक सभागृह पुरतं, आणि तोच नियम 6 महिने परत आणता येत नाही.

ठरवताना सगळ्या नियमांना एकच माप लावू नका. अर्जाचा नमुना, नोंदवहीचे रकाने यांना नुसतं पटलावर ठेवणं पुरे. दंड, शुल्क, अटकेचे अधिकार किंवा मूळ कायदाच बदलणारे नियम यांना आधी मंजुरी हवी, वेळ गेला तरी चालेल. मधल्या सगळ्यांना मी ऑस्ट्रेलियाचं कलम लावेन. पण तिथेही काही नियमांना नामंजुरीतून सूट देता येते, आणि साथीच्या काळातले जैवसुरक्षेचे कडक आदेश नेमके त्या सुटीत होते. तेव्हा मसुदा हातात आला की सूट देणारं उपकलम आधी शोधा. ते बहुधा शेवटच्या पानांवर असतं.