'बुप्पेसन्निवात' की 'खुन चाय पुत्तिपत'?

सोयीच्या लग्नाची थाई मालिका हवी, तर आधी 'खुन चाय पुत्तिपत' (2013). राजघराण्यातला डॉक्टर एका सौंदर्यस्पर्धा विजेतीला बड्या राजकारण्याच्या तावडीतून सोडवायला तिच्याशी नातं जोडतो. प्रेम मागाहून येतं. काळ विसाव्या शतकाच्या मध्याचा, इतिहासाची तयारी लागत नाही. पाच भावांच्या संचातला हा तिसरा भाग, पण एकटाही समजतो.

'बुप्पेसन्निवात' (2018) हे नाव म्हणजे आपल्या ओळखीचा 'पूर्वसन्निवास' शब्द. दोन्ही मालिकांत नायिका एकच, अभिनेत्री रानी कॅम्पेन. आजची मुलगी अयुथ्या या जुन्या थाई राजधानीत, सतराव्या शतकातल्या राजा नाराईच्या काळात, दुसरीच्या देहात जागी होते. वाग्दत्त वराला ती देहाची मूळ मालकीण नकोशी असते. इथे लग्न सोयीचं कमी, घरच्यांनी ठरवलेलं जास्त. भाग 15, पण प्रत्येक लांबलचक. नाराईच्या दरबारातला फॉल्कन हा ग्रीक अधिकारी, 1686 चं फ्रान्सला गेलेलं थाई राजदूतांचं पथक, 1688 चं सत्तांतर एवढं आधी वाचून ठेवाच, नाहीतर दरबारातले प्रसंग डोक्यावरून जातात. 'ऑचाओ' हे जुनं 'तू' सबटायटलमध्ये हरवतं, म्हणून आवाज बंद ठेवून पाहू नका.

नात्याचा हळूहळू बदल हवा असेल तर पुत्तिपत. घर, स्वयंपाक, दरबार यांत रमायचं असेल तर बुप्पेसन्निवात.