नॅनोट्यूब ताणायची आहे: बीम मॉडेल की लॅम्प्स?

पुण्यात एम.टेक.ला कार्बन नॅनोट्यूबचा, म्हणजे कार्बन अणूंच्या अतिसूक्ष्म नळीचा, प्रोजेक्ट घेतला की पहिला पेच हाच. कॉलेजच्या लॅबमधल्या अबॅकस या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरवर अणूंमधल्या प्रत्येक बंधाला बीम (दांडा) मानायचं, की लॅम्प्स या मॉलिक्युलर डायनॅमिक्स सॉफ्टवेअरमध्ये एकेक अणू हलवायचा?

नुसता यंग मॉड्युलस (नळी ताणाला किती ताठ, तो आकडा) हवा असेल तर बीम पुरतो. (१०,१०) जातीची (कार्बनची जाळी कशी गुंडाळली ते ही जोडी सांगते) १० नॅनोमीटर लांबीची नळी म्हणजे १६४० अणू, अडीच हजारांच्या आसपास बीम, उत्तर लगेच. बंधांना बीम मानणाऱ्या ली आणि चौ या संशोधकांच्या २००३च्या आकड्यांनी बीमचा व्यास येतो ०.१४७ नॅनोमीटर, आणि बंधाची लांबी आहे ०.१४२. म्हणजे बीम लांबीपेक्षा जाड! गोची इथेच. सवयीने बी३१ (अबॅकसमधला एक बीमचा प्रकार) घेतला तर तो शिअर (आडवं सरकणं) धरतो आणि आडव्या दिशेला हिशेबाने सहा पटींहून मऊ पडतो. शिअर न धरणारा बी३३ हवा. पण चुकलं तरी सॉल्व्हर चकार शब्द काढत नाही. वॉर्निंग नाही, आलेख गुळगुळीत, आकडा तेवढा कमी. माझं मन बीमवरून उडालं ते यामुळे.

लॅम्प्स काही धुतल्या तांदळासारखा नाही. त्यातल्या एअरेबो या पोटेन्शियलचा (अणूंमधलं बल ठरवणाऱ्या सूत्राचा) कटऑफ, म्हणजे अंतराची मर्यादा, १.७ ते २.० अँगस्ट्रॉममध्ये (०.१७ ते ०.२० नॅनोमीटर) बंध विझवतो, म्हणून तुटण्याआधी स्ट्रेस उगाच उसळतो. पोटेन्शियलच्या फाइलीतला कार्बन-कार्बनचा १.७ बदलून १.९२च्या पुढे नेतात. निदान तो उंचवटा डोळ्यांना दिसतो तरी.

लॅम्प्समध्ये स्ट्रेस दाबावरून काढतात, आणि हा दाब मात्र सिम्युलेशनच्या पूर्ण बॉक्सच्या आकारमानाने भागून येतो, रिकामी जागा धरून. त्याला बॉक्सच्या आकारमानाने गुणा आणि फक्त भिंतीच्या आकारमानाने भागा. भिंतीची जाडी ०.३४ नॅनोमीटर धरली तर मॉड्युलस सुमारे १ टेरापास्कल; याकोबसन आणि सहकाऱ्यांची १९९६ची ०.०६६ नॅनोमीटर धरली तर ५.५ टेरापास्कल. जाडी न लिहिता मॉड्युलस लिहिलात तर व्हायव्हात पहिला प्रश्न तोच.

ताणण्याआधी अक्षाच्या दिशेचा दाब शून्यावर आणा, नाहीतर आलेख शून्यातून निघत नाही. पिकोसेकंदाला ०.००१ स्ट्रेन (मूळ लांबीच्या तुलनेत वाढ) आणि ०.५ फेमटोसेकंदाची स्टेप धरली तर २० टक्क्यांना ४ लाख स्टेप्स. साध्या लॅपटॉपवर रात्रभरात आटोपतं. दर २० हजारांना रीस्टार्ट फाइल लिहा, गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर बरं पडतं.

नळी इपॉक्सीत बसवायची असेल तर मात्र बहुधा बीमच. तेवढी मॅट्रिक्स (नळीभोवतीचं इपॉक्सी) अणूंनी भरणं परवडत नाही. बकलिंग (दाबाखाली एकदम वाकणं) किंवा तुटणं बघायचं असेल तर मी लॅम्प्सच उघडेन.