आठ टीबीची ‘शांत’ हार्ड डिस्क : आठ महिने, दोन स्क्रू आणि एक पट्टी

दसऱ्याला घेतली, आता मिरगाचा पाऊस लागलाय. कंपनीचं नाव घेत नाही. दोष कुणाचा हे ठरवताना माझंच मत दोनदा फिरलंय. साडेतीन इंची, ५४०० आरपीएम (म्हणजे मिनिटाला फेरे), किंमत १६,८००. बाकीचे आकडे तुम्हाला माहीतच असतील. विंडोजमध्ये ७.२७ टीबी दिसतात म्हणून दुकानात भांडायला जाऊ नका, तो मोजणीतला फरक आहे. आणि डिस्कचे भाग पाडायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत दोन टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. जीपीटी या नव्या पद्धतीनं भाग पाडून घ्या, विषय संपला.

पूर्वी मी लग्नाचं शूटिंग करायचो. माळ्यावर शंभरावर मिनी-डीव्ही टेप, म्हणजे कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट, पडून होत्या. एका तासाच्या टेपला डिस्कवर साधारण १३ जीबी लागतात आणि टेप जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ ती कॉम्प्युटरवर उतरवायला जातो. म्हणजे रात्र-रात्र मशीन चालू. आणि मशीन कुठं? तर झोपायच्या खोलीत. म्हणून ‘शांत’ या एका शब्दासाठी हजारभर रुपये जास्त मोजले.

पहिल्याच रात्री बायको उठून बसली. “अवो, पाण्याची मोटार चालू ऱ्हायली काय?”

मोटार बंद होती. घुंईऽऽ असा आवाज कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधून येत होता. ५४०० फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला ९०, आणि तोच सूर सगळ्या पत्र्यात उतरला होता. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, “काका, फिरणारी वस्तू हाय, आवाज येणारच की ओ.” मग ‘शांत’चे पैसे कशाचे घेतलेस बाबा?

कॅबिनेट उघडल्यावर खरी गोष्ट कळली, आणि ती कुठल्याच रिव्ह्यूत मला वाचायला मिळाली नव्हती. जुन्या डिस्कला खालून चार स्क्रू बसायचे. आता मोठ्या डिस्कमध्ये तबकड्या वाढल्या, तशी मधल्या दोन भोकांची जागाच बऱ्याच ठिकाणी बदललीय. माझ्या बारा वर्षांच्या कॅबिनेटला केबलीकडचे दोन स्क्रू बसले, पुढची दोन भोकं जुळेनात. म्हणजे डिस्क एका टोकाला धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी. विहिरीवर उडी मारायच्या फळीसारखी ती थरथरत होती. नुसती हातात उचलून धरली तर कानाशी नेल्याशिवाय ऐकू येईना!

नवं कॅबिनेट तीन हजारांचं. दोन भोकांसाठी तीन हजार? भाच्यानं मांडीवर थाप मारली, “मामा, इषय हार्ड झालाय.” मी उठलो आणि उद्यमनगर गाठलं. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये तीन मिलिमीटरच्या पट्टीला सहा भोकं पाडून घेतली. चार डिस्कच्या मापाची, दोन कॅबिनेटच्या. मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. पट्टीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. घुंई गेली. त्या रात्री डिस्क चालू आहे का हे बघायला मीच दोनदा उठलो.

इथवरचं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं. पाच तारे देणार होतो. वेगाबद्दल एवढंच, की ही एसएमआर जातीची आहे, म्हणजे आतले ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले. एकदा भरून ठेवायला उत्तम. पण जुनं पुसून एकदम तीन-चारशे जीबी नवीन भरायला गेलं की बैलगाडी होते. मला चालतं, लग्नं काही पुन्हा पुन्हा बदलत नाहीत.

मग एप्रिलमध्ये एका रात्री विंडोजमधून डिस्क गायबच. ऐंशी टेपा आत. दुकानदार म्हणाला, “बदलून मिळेल की, पण डेटाची गॅरंटी न्हाई.” खरं होतं, वॉरंटी डिस्कची असते, आतल्या वरातीची नसते. डेटा काढून देण्याचा जो आकडा त्यानं सांगितला तो ऐकून मी चार लोकांसमोर नको ते बोललो.

घरी येऊन क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर लावलं. थोडा वेळ डिस्क दिसायची, पुन्हा जायची. डिस्कवरचे खराब झालेले कप्पे (सेक्टर) शून्य, संशयित शून्य. फक्त सीआरसी एररचा, म्हणजे डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा आकडा बघता बघता वाढत होता. हा आकडा बहुतेक वेळा डिस्कबद्दल बोलत नाही, केबलबद्दल बोलतो. झाकण काढून बघितलं तर पट्टी आणि ट्यूबमुळं डिस्क बोटभर वर आलेली, आणि डिस्कला जोडणारी साटा केबल वरच्या पत्र्याला घासून काटकोनात दुमडलेली. माझ्याच पट्टीनं माझाच घात केला होता.

आडव्या तोंडाची केबल १२० रुपयांना मिळाली. दोन महिने झाले, सीआरसीचा आकडा जागचा हललेला नाही. तो कमी कधीच होत नाही, वाढायचा थांबला की समजायचं. शिवाय सगळ्या टेपांची दुसरी प्रत आता भाच्याकडच्या जुन्या डिस्कवर ठेवलीय.

चार तारे. एक तारा भोकांसाठी कापलाय, तो परत देणार नाही. केबल मात्र मी लक्ष्मीपुरीतल्या दुसऱ्याच दुकानातून आणली. त्या पहिल्या दुकानावरून जायचं टाळतोय अजून.