डब्यावर विलायत, डब्यात बारा बोर

आमच्या ग्वाल्हेरकडे बंदुकीचं लाइसन्स म्हणजे घराण्याची प्रतिष्ठा. माणसं त्यासाठी काय काय करतात ते बाहेरच्याला सांगितलं तर खरं वाटत नाही. शेजारच्या शिवपुरीत 2008 मध्ये नसबंदी करून घेणाऱ्याला लाइसन्स लवकर देण्याची योजना निघाली होती. आमच्या जिल्ह्यात 2019 मध्ये आधी दहा झाडं लावा अशी अट आली आणि त्याच वर्षी थंडीत गोशाळेला दहा ब्लँकेटं द्या अशीही. लोकांनी झाडं लावली, ब्लँकेटंही दिली. अशा गावात मला वडिलांची रायफल वारसाहक्कानं मिळाली, म्हणजे मी तसा नशीबवानच. पुढे जे झालं त्यात नशिबाचा दोष नाही.

रायफल 315 बोरची (बोर म्हणजे नळीचं आतलं माप), इशापूरची, पाच गोळ्यांचं मॅगझिन. इंग्रजांच्या काळात फौजेतली 303 सामान्य माणसाला मिळत नसे, म्हणून नागरिकांसाठी हा वेगळा बोर चालत आला. त्याची काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्याची. पण महाग, आणि वर्षाला किती घ्यायची, एका वेळी घरात किती ठेवायची, ते लाइसन्सच्या पुस्तकात लिहिलेलं. वडील वर्षाला पाच-सहा झाडायचे, त्यांना पुरत. मला मात्र पन्नाशीला आल्यावर नेमबाजीच्या रेंजवर जायचं वेड लागलं आणि एका रविवारी दहा उडाली की महिनाभर हात चोळत बसायचं.

ऑक्टोबर 2023 मध्ये विधानसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडे आचारसंहिता लागली की सगळ्या लाइसन्सी बंदुका ठाण्यात जमा करायच्या. ठाण्याबाहेर जी रांग लागते ती बघण्यासारखी असते: कुणी दुनाळी चादरीत गुंडाळून आणलेली, कुणी जुनी ठासणीची टोपीदार बंदूक सायकलला बांधून आणलेली. त्या रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ उभे होते. पांढरा सफारी, स्वच्छ बोलणं, शुद्ध मराठी. लष्करात, म्हणजे आमच्या लष्कर भागात, अजून मराठी बोलणारा अनोळखी माणूस भेटला की आपण लगेच विरघळतो. 'कुठले तुम्ही?' त्यांनी विचारलं. 'छत्रीबाजार,' मी म्हणालो. 'अरे, माझी आजी तिथलीच!' मग ढोलीबुवांच्या मठातल्या कीर्तनापासून गप्पा सुरू झाल्या आणि काडतुसांच्या किमतीवर येऊन थांबल्या.

ते म्हणाले, 'काडतुसं विकत कशाला घेता? पुंगळ्या टाकून देता ना? त्याच पुन्हा भरायच्या. सगळं जग भरतं.'

हे त्यांचं वाक्य खोटं नव्हतं. काडतुसाचं रिकामं कवच, म्हणजे पितळेची पुंगळी, आमच्याकडचा खोखा, अनेक वेळा वापरता येते. बाहेरच्या देशांत हजारो नेमबाज घरीच काडतुसं भरतात: जुनी टोपी, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी वाटी, काढायची, पुंगळी साच्यातून दाबून मूळ मापाला आणायची, नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची, वर गोळी बसवायची. मी नंतर रात्र रात्र जागून हे वाचलं. मोठी फसवणूक नेहमी अशा अर्ध्या खऱ्या गोष्टीवरच उभी राहते, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. माझं आयुष्य कापडाच्या दुकानात गेलंय. पहिला वार अस्सल दाखवून बाकीचं ठाण नकली गळ्यात मारणारे व्यापारी मी तीस वर्षं बघतोय.

डिसेंबरात रायफल परत मिळाली आणि जानेवारीत त्यांचा फोन आला. 'संपूर्ण सेट आहे. प्रेस, साचे म्हणजे डाय, काटा, पन्नास गोळ्या आणि विलायती रायफलची दारू, एक डबा. टोप्या पुढच्या आठवड्यात देतो. दोनच सेट उरलेत.' किंमत 42,000. मी घासाघीस करून 36,500 वर आणली आणि स्वतःवर खूश झालो. 20,000 मोबाइलवरून पाठवले, बाकीचे रोख. बिल मागितलं तर हसून म्हणाले, 'आपण काय परके आहोत का?' परवानगीचं विचारलं, तर माझ्याच लाइसन्सच्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, 'हे काय आहे मग? काडतूस बाळगायची परवानगी आहे, तर भरायची नाही का?'

मी मान डोलावली. लेखी काही मागितलं नाही.

आता मालाविषयी सांगतो. प्रेस खरी होती, जड, लोखंडी, टेबलाला पेच मारून बसवायची. पहिली पुंगळी साच्यात घातली आणि टोपी काढायची सुई कचकन मोडली. माझ्या पुंगळीच्या बुडात आत डोकावून बघितलं तर मधोमध एक भोक असायला हवं तिथे दोन बारीक भोकं, बाजूला. अशा पुंगळीची टोपी मधल्या सुईनं निघतच नाही. फोन केला. 'बाहेरची पुंगळी घ्या, मी देतो.' मग लक्षात आलं की साचाही माझ्या काडतुसाचा नव्हता. त्यावर कोरलेलं 8 बाय 57, म्हणजे आठ एमएमची गोळी, 57 एमएमची पुंगळी. माझ्या 315 चं मापही साधारण आठ एमएमच, पण पुंगळी वेगळी. माझं काडतूस बुडाला कड असलेलं, आखूड. ते दुसरंच, बिनकडेचं, जर्मन. 'आठ एमएम म्हणजे आठ एमएम हो! उगाच खोलात जाऊ नका.' इथे तरी थांबायला हवं होतं. पण पैसे दिलेल्या माणसाला थांबणं जमत नाही. दिलेले पैसे वाया गेले हे मान्य करायची लाज मागे घेऊ देत नाही.

आणि मग दारू. काळ्या प्लॅस्टिकचा डबा, त्यावर परदेशी कंपनीचं नाव आणि चार आकडी नंबर. झाकणाखालचं सील नव्हतं. 'कस्टममध्ये उघडतात.' लॉट नंबर खरडून काढलेला. सोबत एक चिठ्ठी, चौकटीच्या वहीतली, तीवर बॉलपेननं किती घालायची ते. तेही ग्रॅममध्ये, दशांश एकच. दिलेला काटा सोनाराचा, तोही एकदशांश ग्रॅमच दाखवणारा.

हे मोजमापाचं प्रकरण मला नंतर समजलं, आणि नवख्यानं सगळ्यात आधी समजून घ्यायचं तेच आहे. दारू ग्रेनमध्ये तोलतात. ग्रेन म्हणजे दाणा नव्हे, ते वजनाचं माप आहे, एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा. म्हणजे माझा काटा दीड ग्रेनच्या पायरीनं उड्या मारणार. भरणारे लोक दशांश ग्रेनला जपतात, आणि ते वेडे म्हणून नव्हे.

माझे थोरले भावोजी फौजेत आर्मोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारे, होते, निवृत्त होऊन मुरारला राहतात. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आले. मी मोठ्या अभिमानानं त्यांना माडीवर नेलं. त्यांनी प्रेसकडे बघितलंही नाही. डबा उचलला, हलवला, थोडीशी दारू पांढऱ्या कागदावर ओतली, खिशातलं भिंग काढलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

'हे कुणी दिलं?'

'एक सर आहेत.'

'सरांना सांग, बारा बोरचं काडतूस फोडून डब्यात भरलंय ते ओळखता येतं.'

बारा बोर म्हणजे छऱ्याची बंदूक. डब्यावरच्या नंबरची दारू म्हणे बारीक कांड्यांची असते, शेवयांचे तुकडे असावेत तशी. कागदावर होत्या सपाट, करड्या चकत्या, कण्यांसारख्या, आणि दोन रंगांच्या. म्हणजे किमान दोन प्रकार मिसळलेले. भावोजींनी मला समजावलं ते त्यांच्याच शब्दांत सांगतो, कारण मी वाचलेल्या सगळ्या पानांपेक्षा ते मला जास्त उमगलं. 'गोवरी आणि कापूर दोन्ही जळतात. चुलीत गोवरीच्या वजनाएवढा कापूर घातलास तर काय होईल? रायफलची दारू गोवरीसारखी. लांब नळी, जड गोळी, तिला मागून सावकाश ढकलत न्यायचं असतं. छऱ्याच्या काडतुसातली कापरासारखी. हलका माल, लवकर भडका. चिठ्ठीत लिहिलंय तेवढी ही तू रायफलमध्ये घातली असतीस, तर गोळी जागची हलायच्या आत सगळा दाब पाठीमागे आला असता. नळी मागून बंद करणारा बोल्ट कुठे असतो? तुझ्या गालाशी.'

मग बसून त्यांनी आणखी सांगितलं, मी वहीत लिहून घेतलं. बंदुकीची जुनी काळी दारू, शोरा-गंधक-कोळशाची, ही टोपीदार बंदुकीपुरती. आजच्या रायफलची बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची, फ्रान्समध्ये 1884 ला निघाली, आणि दोन्ही एकमेकांच्या जागी कधीच नाहीत. आपल्याकडे निलगिरीत अरवंकाडूला कॉर्डाइटचा, म्हणजे बिनधुराच्या दारूच्याच एका प्रकाराचा, कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे, म्हणजे देशात ही विद्या नवी नाही, पण ती कारखान्याची विद्या आहे, माडीवरची नाही. रंगावरून, वासावरून, दाण्यावरून दारू ओळखून 'हीच ती' असं म्हणू नये. दाण्यावरून फार तर 'ही ती नव्हे' एवढंच कळतं. आंबूस, झोंबणारा वास आला, तांबूस भुकटी दिसली तर दारू बिघडलीय. एकाच नंबरच्या, पण वेगवेगळ्या कंपन्यांच्या दारूसुद्धा वेगळ्या असतात. चार आकडी नंबर सारखा म्हणून एकीचं माप दुसरीला लावायचं नाही. जिथे हे रीतसर चालतं तिथे नवखा माणूस काय करतो? ज्या कारखान्यानं दारू बनवली त्याच्याच छापील तक्त्यात आपलं काडतूस, आपल्या वजनाची गोळी आणि तीच दारू अशी तिन्ही सापडली तरच डबा उघडतो, सगळ्यात खालच्या मापापासून सुरू करतो. आणि पुंगळी अर्ध्याहून जास्त भरेल अशी दारू निवडतो, म्हणजे चुकून दोनदा घातली तर वर सांडून दिसते. थोडीशी पुरणारी दारू नवख्याला स्वस्त वाटते, पण तिच्यात दुप्पट माप गुपचूप मावतं.

दुसरं म्हणजे कायदा. तो मला वकिलांनी सांगितला, आणि त्याची फी त्या सेटपेक्षा मला जास्त झोंबली. शस्त्र कायदा 1959 चा. माझं लाइसन्स रायफल आणि काडतुसं बाळगायचं. काडतूस तयार करणं हा कलम 5 चा विषय, त्याला वेगळी परवानगी लागते. त्याशिवाय केलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. शिवाय दारूचा साठा म्हणजे 1884 चा विस्फोटक कायदा वेगळाच. मी अजून एकही काडतूस भरलं नव्हतं, कारण टोप्या आल्याच नव्हत्या. त्या माणसाच्या आळसानं, की हातचलाखीनं, माझा डोळा वाचला आणि गुन्हाही अर्ध्यावर थांबला. त्याचे आभार मानावेत का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मी तावातावानं म्हणालो, 'त्याच्यावर केस करू.' वकील शांतपणे म्हणाले, 'तक्रारीत काय लिहाल? मी परवानगी नसताना दारू विकत घेतली, ती खोटी निघाली?'

त्या क्षणी मला खरा धंदा कळला. तो माणूस दारू विकत नव्हता, प्रेसही विकत नव्हता. ज्याची तक्रार करता येत नाही अशी वस्तू विकत होता. बिल नको, कारण बिल पुरावा. 'आपण काय परके' हे प्रेम नव्हतं, बंदोबस्त होता. लाइसन्सच्या पुस्तकावर बोट ठेवलं ते मला चुकीचं कायदेज्ञान देण्यासाठी नव्हे, मला भागीदार करण्यासाठी. आणि त्यानं मला रांगेत निवडलं, कारण त्या रांगेतल्या प्रत्येकाकडे एक गमवायची गोष्ट होती: लाइसन्स. लाइसन्स जाण्याच्या भीतीनं माणूस 36,500 काय, लाखही गिळून बसतो. आमच्याकडे तर नक्कीच. गावात कळलं तर लोक पैशांपेक्षा पुस्तक जमा झालं यावर हसतील.

आठवडाभर मी गिळूनच बसलो होतो. घरात कपाटावर तो डबा, खाली देव्हारा, त्यात सौ.ची संध्याकाळची निरांजनं. मिसळलेली, कुठली कोण जाणे दारू, तीही देव्हाऱ्याच्या वर. तिला सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. तिनं निरांजन विझवलं आणि मुलाला घेऊन खाली जाऊन बसली. त्यानंतर मी वकिलांना घेऊन ठाण्यात गेलो, सगळं जसंच्या तसं लिहून दिलं, व्यवहाराचा मोबाइलवरचा पुरावा जोडला, गोळ्या, चिठ्ठी जमा केली, डब्याचंही कळवलं आणि पोच घेतली. वकील म्हणाले होते, आपणहून गेलात आणि एकही काडतूस भरलेलं नाही, या दोन गोष्टी धरून चला. चौकशीला चार वेळा बोलावलं. दोनदा तोच प्रश्न वेगवेगळ्या साहेबांनी विचारला. तो फोन नंबर बंद झालेला होता, नाव खोटं, छत्रीबाजारात त्याच्या आजीला कुणी ओळखत नव्हतं. पैसे गेले ते गेलेच.

डबा घरातून काढायची घाई झाली तरी एक गोष्ट मी केली नाही, भावोजींनी बजावल्यामुळे: गटारात ओतला नाही, गच्चीवर पेटवून पाहिला नाही, आणि स्कूटरवर घेऊनही फिरलो नाही. आधी ठाण्यात कळवलं, त्यांचीच माणसं येऊन घेऊन गेली. प्रेस अजून माडीवर टेबलाला बसवलेली आहे. सौ. म्हणते, लोणच्याची लिंबं दाबायला बरी.

2024 च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, आमचं मतदान 7 मेला होतं. पुन्हा तीच रांग, पुन्हा चादरीत गुंडाळलेल्या दुनाळ्या. मी पुढे-मागे सगळे चेहरे न्याहाळले, पांढरा सफारी कुठे नव्हता. पण उभा होतो तेवढ्यात चार-पाच जणांना हे सगळं सांगितलं, आत्ता सांगितलं तसंच, साच्यापासून ठाण्यापर्यंत, कापूर आणि गोवरीसकट. सगळे माना हलवत होते. माझ्यामागे भिंडकडचा एक तरुण होता, खांद्यावर अगदी माझ्यासारखीच 315. सगळं ऐकून घेतलं, थोडा जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, 'भाईसाहब, वो नंबर तो दे दो। हम तीस में करा लेंगे।'