कोंढाळीच्या खदानीत एक रविवार: ऑफ-रोड क्लबच्या हिवाळी शिबिराचा अनुभव

मी गुरांची डॉक्टर. राहते नागपुरात प्रतापनगरला, पण काम सगळं हिंगणा, काटोल, कोंढाळी या पट्ट्यात. नोव्हेंबरात एका रात्री फोन आला, गाय अडली आहे. पांदणीत गव्हाच्या ओलिताचं पाणी उतरलेलं होतं आणि माझी जिम्नी कन्हार, म्हणजे चिकट काळ्या मातीत फसली. फोर-व्हील ड्राइव्हची गाडी घेऊन दीड वर्ष झालेलं, आणि ती छोटी दांडी कधी, कशी टाकायची हे मला धड माहीत नव्हतं. मी रेस देत गेले, गाडी खाली बसत गेली. शेवटी बैलजोडी जुंपून ओढली, त्यात दीड तास गेला. गाय वाचली, वासरू गेलं. त्या कास्तकारानं मला एका शब्दानं बोल लावला नाही, उलट चहा पाजला. ते मनातून जात नव्हतं.

म्हणून जानेवारीत एका ऑफ-रोड क्लबच्या एक दिवसाच्या शिबिराला नाव दिलं. क्लबचं नाव लिहीत नाही, कारण खाली काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना आधीच थेट कळवल्या आहेत. गाडीमागे 2,800 रुपये, त्यात दोघांचं जेवण. संक्रांतीनंतरचा रविवार, सकाळी साडेसहाला वाडी नाक्यावर जमायचं. गाडीतला आकडा बाहेर 9 अंश दाखवत होता. सोबत सासरे आले, आमचे मामाजी. एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवून निवृत्त झालेले. शेजारच्या सीटवर बसून ते दिवसभरात फार तर वीस वाक्यं बोलले असतील, पण त्यातलं एक मला पुरलं. ते पुढे येईलच.

निघायला मात्र आठ वाजले. अकरा गाड्या होत्या, त्यातल्या तिघांची वाट बघत बाकीचे थंडीत उभे. तर्री पोह्याची एक प्लेट सगळ्यांनी खाल्ली, काहींनी दोन. वेळेवर आलेल्यांना ताटकळत ठेवायचं आणि उशिरा आलेल्यांना काहीच म्हणायचं नाही, हे बरोबर नाही.

अमरावती रोडनं बाजारगाव, मग कोंढाळी, आणि तिथून डावीकडे आत. जागा खाजगी होती. एका संत्रा बागायतदाराची पडीक जमीन, तिला लागून मुरमाची जुनी खदान आणि एक कोरडा नाला. इथे क्लबला पूर्ण मार्क. मुख्य प्रशिक्षकांनी सुरुवातीलाच सांगितलं की जंगलाच्या हद्दीत एकही चाक जाणार नाही आणि वाहत्या नदीपात्रात गाडी घालायची नाही. बोरचं जंगल इथून फार लांब नाही, 2014 मध्ये ते व्याघ्र प्रकल्प झालं, आणि या भागात वाघाचा वावर आहे हे मला माझ्या कामामुळे चांगलं ठाऊक आहे. गोऱ्हा मारल्याचा पंचनामा मी स्वतः केलेला आहे. हौसेपायी अशा जागी इंजिनं गुरगुरवत फिरणारे लोक पाहिले की मला राग येतो. हे लोक तसे नव्हते.

आधी हवा. सगळ्या चाकांतली हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवायला लावली. टायर खाली पसरतो, जमिनीला जास्त जागा धरतो, दगडाला अंग देतो. त्याहून फार खाली गेलात तर ट्यूबलेस टायर रिमवरून निसटू शकतो, आणि कमी हवेवर डांबरी रस्त्यावर वेगानं जायचं नाही. मग अंगठे. स्टिअरिंग धरताना अंगठा आत गुंडाळायचा नाही, वर ठेवायचा. चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग झटका देऊन फिरतं आणि त्याची दांडी अंगठ्यावर बसते. मामाजींनी आपला उजवा अंगठा दाखवला, तो जरा वाकडाच आहे. इतकी वर्षं मला वाटायचं तो जन्मापासून तसाच असेल.

पहिला टप्पा खदानीचा उतार. नागपूरच्या पश्चिमेचा हा काळा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा पूर्वेकडचा शेवटचा काठ. शहर ओलांडून उमरेड-भंडाऱ्याकडे गेलं की दगड आणि माती दोन्ही बदलतात. इथे वर मुठीएवढे सुटे गोटे आणि खाली मुरूम, त्यामुळे ब्रेक दाबला की चाक थांबतं पण गाडी घसरतच राहते. उपाय असा, की गाडी थांबवायची, क्लच दाबायचा, ती छोटी दांडी खाली दाबून 4L मध्ये (चारही चाकांना ताकद, पण चाल संथ) ओढायची, पहिला गिअर टाकायचा आणि दोन्ही पाय खाली ठेवून बसायचं. इंजिनच गाडीला धरून उतरवतं, माणसाच्या चालीनं. पहिल्यांदा उतरताना माझा पाय तीनदा ब्रेककडे गेला. प्रशिक्षक खिडकीशेजारी चालत होते, दर वेळी फक्त "पाय, मॅडम" म्हणाले. चौथ्या वेळी गेला नाही.

दुसरा टप्पा या सगळ्या दिवसाचा गाभा होता आणि त्याच्यासाठी मी पुन्हा 2,800 देईन. नाल्याच्या काठाला आलटून पालटून खड्डे होते, उजवीकडे एक, डावीकडे एक. मध्यावर गेलं की पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक हवेत. गाडी तिरपी, मामाजींचा खांदा दाराला, आणि अधांतरी असलेली दोन्ही चाकं रिकामी फिरतायत. मला नोव्हेंबरची रात्र आठवली आणि मी पाय उचलला. गाडी मागे आली. दोनदा असंच झालं.

तेव्हा प्रशिक्षकांनी समजावलं. या गाडीत चाक रिकामं फिरायला लागलं की गाडी स्वतः त्याच चाकाला ब्रेक लावते, म्हणजे ताकद पलीकडच्या जमिनीवरच्या चाकाकडे जाते. पण ते कळायला तिला क्षण-दोन क्षण लागतात, आणि तेवढा वेळ रेस तशीच, हलकी, एकसारखी धरून ठेवावी लागते. आपण घाबरून पाय उचलतो नेमका त्याच क्षणी. तिसऱ्यांदा गेले. चाकं फिरू लागली. मामाजी म्हणाले, "पाय नोको उचलू बाई, ते आपलं काम करून राह्यली." खालून खर्रर-टक, खर्रर-टक असा आवाज आला, वाटलं काहीतरी तुटलं. आणि गाडी हळूच, एका बाजूनं अंग उचलत, पुढे सरकली. म्हैस चिखलातून उठते ना, आधी मागचं धूड वर काढून, अगदी तशी. तो आवाज म्हणजे ब्रेक आपलं काम करत होता. नोव्हेंबरातही तो आवाज आला होता, आणि मी तोच ऐकून घाबरले होते.

पाच दारांच्या जिम्नीवाल्यांसाठी एक सांगते. जमिनीपासून उंची 210 मिमी आहे, ती पुरते. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2,590 मिमी, तीन दारांच्या मॉडेलपेक्षा एक फुटाहून जास्त. उंचवट्याच्या माथ्यावर पोट घासतं. माझं दोनदा घासलं. माथा सरळ न घेता जरा तिरका घ्यायचा, हे मला तिसऱ्या फेरीत कळलं, सुरुवातीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता तक्रार, आणि ही गंभीर आहे. शेततळ्याच्या पाझरानं ओल झालेल्या भागात एक मोठी गाडी फसली. दुसऱ्या गाडीला काइनेटिक दोर लावून तिला काढायचं ठरलं. हा दोर ताणला जातो आणि त्या साठलेल्या ताणानंच फसलेली गाडी उपटून निघते. म्हणूनच दोराचं टोक सुटलं किंवा हुक तुटला तर लोखंडाचा तुकडा गोळीसारखा येतो. सकाळी हे नीट शिकवलं होतं: दोराच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहायचं, दोराच्या रेषेत कोणी नाही. प्रत्यक्षात मुख्य प्रशिक्षक खदानीकडे होते, इथे एक तरुण स्वयंसेवक होता. त्यानं शॅकल, म्हणजे दोर गाडीला जोडणारा लोखंडी आकडा, अडकवला तो गाडी ट्रकवर बांधण्याच्या कडीला. ती कडी गाडी जागेवर धरून ठेवायला असते, असा झटका सोसायला नसते. आणि आठ-दहा पावलांवर दोन लहान मुलं मोबाइलनं व्हिडिओ काढत उभी. मी ओरडले. स्वयंसेवकाला ते आवडलं नाही, "आमी रोजच करतो" असं म्हणाला. मी मुलांना हात धरून बाजूला नेलं आणि वॉकी-टॉकीवरून प्रशिक्षकांना बोलावलं. ते धावत आले, दोर काढला, योग्य हुकला लावला, दोरावर ओलं पोतं टाकलं, म्हणजे तुटला तरी खाली पडेल. त्यांनी सगळ्यांसमोर चूक मान्य केली, याचा मान राखते. पण अकरा गाड्यांना एकच जाणता माणूस पुरत नाही. प्रत्येक जागी एक हवा, नाहीतर जागा कमी करा.

जेवणाबद्दल मात्र मला भरभरून लिहायचं आहे. बागायतदाराच्या घरच्या बायांनी रोडगे केले होते. धुऱ्यावर गोवऱ्यांचा आर, त्यात कणकेचे पदर घातलेले जाड गोळे पुरलेले. बाहेर काढले की वरून काळे-करपलेले, राख झटकायची, दोन्ही हातांनी फोडायचे, आत पांढरी वाफ आणि पदर सुटे. त्यात तूप, वर वांग्याची झणझणीत भाजी, बाजूला वरण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. नंतर उकडलेल्या तुरीच्या शेंगा. ज्या वडीलधाऱ्या काकूंनी आर सांभाळला त्यांनी मला ओळखलं, मागच्या वर्षी त्यांच्या गाईची वार मी काढली होती. त्यांनी जबरदस्तीनं तिसरा रोडगा वाढला.

बायकांसाठी स्वच्छतागृहाची काहीही सोय नव्हती. आम्ही पाच जणी होतो. अर्धा किलोमीटर चालत बागायतदाराच्या घरी जाऊन विनंती करावी लागली. दिवसभर पाणी कमी प्यायलो, हे सांगायला नको. पैसे घेऊन शिबिर भरवता तर एक आडोसा उभा करता येतो.

संध्याकाळी हवा भरताना आणखी एक तास गेला, कारण कॉम्प्रेसर दोन होते आणि त्यातला एक बंद. आपला छोटा कॉम्प्रेसर न्यायचाच, मी दुसऱ्या दिवशी विकत घेतला. परतताना 70 च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं, जीव दचकला. बाजारगावला थांबून पाहिलं तर रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा एक जाड थर एकाच जागी वाळून बसलेला. मामाजींनी टॉमीनं, म्हणजे गाडीतल्या लोखंडी दांड्यानं, खरवडून काढला, थरथर गेली. काळी माती वाळली की विटेसारखी होते, गाडी त्याच रात्री खालून धुवा, ब्रेकच्या भोवतालीही.

तीन आठवड्यांनी पुन्हा त्याच बाजूला रात्री जायचं झालं, पांदणीत तसंच पाणी. या वेळी उतरून काठीनं खोली पाहिली, हवा उतरवली, 4L टाकला, रेस धरून ठेवली. पाच-सहा मिनिटं लागली. वासरू उलटं होतं, पण जिवंत निघालं.

पुढचं शिबिर फेब्रुवारीच्या शेवटी आहे. मी नाव दिलं आहे, मामाजींनीही त्यांचं वेगळं नाव दिलं आहे, चालवणारा म्हणून. क्लबला मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या: प्रत्येक अडथळ्याशी एक प्रशिक्षित माणूस, चालणारे दोन कॉम्प्रेसर, आणि आडोसा. पहिल्या दोन्हींना त्यांनी लगेच होकार दिला. आडोशाचं अजून "बघतो" चाललंय, म्हणून काल आम्ही पाचही जणींनी आपापल्या नंबरवरून तोच मेसेज पुन्हा पाठवला.