रीफ टँकच्या एलईडीत झालेली फसवणूक: सल्ला खरा, लाइट खोटा

माझ्या रीफ टँकसाठी, म्हणजे कोरल पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी, मला एलईडी लाइट विकणाऱ्या माणसाचे बरेचसे सल्ले बरोबर होते, आणि फसवणूक नेमकी त्या सल्ल्यांच्या आडून झाली. निव्वळ थापा मारणारा दोन वाक्यांत ओळखू येतो. हा माणूस मात्र झूझँथेली (कोरलमधली शैवालं), पार (कोरलला उपयोगी प्रकाशाचं माप), अ‍ॅक्लिमेशन (नव्या प्रकाशाची हळूहळू सवय) हे शब्द जिथल्या तिथे वापरत होता. माझा टँक केवढा, कोणते कोरल, पाण्याची खोली किती, सगळं विचारून घेतलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय. छोट्या टँकसाठी पहिला चांगला लाइट शोधणाऱ्यांना असाच कोणीतरी भेटणार आहे.

टँक साठेक लिटरचा. कोरल असे: खाली मशरूम आणि झोआ, मध्ये एक हॅमर, वरच्या दगडावर माँटीपोराचे दोन फ्रॅग, म्हणजे छोटे तुकडे. जाहिरातीत लिहिलं होतं: १६५ वॅट, ५५ चिप्स, फुल स्पेक्ट्रम, ४२० नॅनोमीटरचा खरा व्हायलेट, वॉटरप्रूफ ड्रायव्हर (लाइटला वीज पुरवणारा डबा). सोबत पारचा चार्ट आणि स्पेक्ट्रमचा आलेख. लाइट आला तेव्हा बॉडी जड, फिनिश चांगलं, दोन डिमर, निळा चॅनेल वेगळा, पांढरा वेगळा. लावला की टँक असा जांभळा-निळा उजळायचा की बघणारा खूश.

त्याचा पहिला सल्ला होता, "मॅडम, घाई करू नका. २० टक्क्यांवर सुरू करा आणि दर आठवड्याला ५ टक्के वाढवा, नाहीतर कोरल ब्लीच होईल." यात चुकीचं काहीच नाही. कोरलच्या पेशींत राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवालं प्रकाशावर अन्न तयार करतात. प्रकाश एकदम वाढला तर कोरल त्यांना बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. नव्या लाइटशी जुळवून घ्यायला त्याला काही आठवडे लागतातच.

आता हिशोब करा. २० वरून ६० टक्क्यांवर यायला आठ आठवडे. परत करण्याची मुदत ३० दिवस. पहिला महिना लाइट मंदच ठेवायचा, त्यामुळे तो मुळातच कमकुवत आहे हे कळायला वावच नाही. कोरल कुरकुरायला लागेपर्यंत मुदत संपलेली. खऱ्या सल्ल्याचा असा वापर मी तरी आधी पाहिला नव्हता.

लाइटची तपासणी आणि कोरलचं अ‍ॅक्लिमेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाइट टँकवर चढवायच्या आधी, आला त्याच दिवशी, टेबलावर उलटा ठेवून शंभर टक्क्यांवर तपासता येतो. तेव्हा त्याच्याखाली कोरल नसतं, त्यामुळे ब्लीच व्हायचा प्रश्नच येत नाही.

माझ्याकडे आधी ताणल्या त्या झोआ. माना लांब करून वर बघायला लागल्या. मग माँटीपोराचा हिरवा रंग जाऊन ते तपकिरी झालं. कमी प्रकाशात कोरल जास्त झूझँथेली बाळगतं, त्यांचा रंग तपकिरी, त्यामुळे हे अपेक्षितच. पण पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलं तरी तसंच होतं, आणि त्याने तोच धागा धरला. "तुमचं पाणी खराब आहे." मी टेस्टचे आकडे पाठवले: नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०५. दोन्ही व्यवस्थित. त्यावर उत्तर आलं की पाणी फारच स्वच्छ आहे, कोरल उपाशी आहे, आमच्याकडचं अमिनो अ‍ॅसिड घाला. खराब पाणी एका मेसेजमध्ये फारच स्वच्छ झालं. तिथे माझा संशय पक्का झाला.

बाटली घेतली नाही. मग त्याने सुचवलं की लाइट खाली घ्या, २० सेंमीवरून ८ वर. हा सल्ला मात्र साफ चुकीचा. चिपवरच्या अरुंद भिंगांमुळे जवळून प्रकाशाचे ठिपके पडतात. दोन फ्रॅगपैकी एक अशाच ठिपक्याच्या कडेला होता. त्याची दगडाकडची बाजू तपकिरी राहिली आणि भिंगाखालची बाजू पांढरीफटक. मधली रेघ बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट. एकाच तुकड्याला एकाच वेळी जास्त आणि कमी प्रकाश. शिवाय पाण्याच्या शिंतोड्यांनी भिंगांवर मिठाचा थर बसू लागला, तो वेगळाच.

मग मी प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणला. दोन्ही चॅनेल शंभरवर: ६८ वॅट. इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ५५ चिप्स गुणिले ३ वॅट असा १६५ चा आकडा या धंद्यात सर्रास छापतात. चिप ३ वॅटची असली तरी ती टिकावी म्हणून कमी करंटवर चालवतात, त्यामुळे प्रत्यक्ष वापर कमी भरतो. सरळ विक्रेता दोन्ही आकडे देतो. पण १६५ म्हणून ६८ द्यायचे आणि विचारलं की "तेवढ्याच्या बरोबरीचे" असं सांगायचं, ही शुद्ध लबाडी आहे. खरं तर चांगल्या चिप्सचे ६८ वॅट माझ्या टँकला पुरून उरले असते. म्हणजे प्रश्न नुसत्या वॅटचा नव्हता. ते कुठे जात होते हा होता.

त्याचं उत्तर एका जुन्या सीडीने दिलं. खोलीत अंधार करायचा, काळ्या कागदाला बारीक चीर पाडून तो लाइटवर धरायचा आणि त्या चिरेचं प्रतिबिंब सीडीत तिरकं बघायचं. सीडीवरच्या बारीक रेषा प्रकाशातले रंग वेगळे करून पसरतात. थेट प्रतिबिंबाच्या सगळ्यात जवळ जांभळी टोकाची बाजू, मग निळी, हिरवी, आणि सगळ्यात लांब लाल. ४२० नॅनोमीटरची चिप असेल तर निळ्याच्या आतल्या अंगाला मंद जांभळी पट्टी दिसायला हवी. माझ्या लाइटची निळी पट्टी ठळक होती, तिच्या आत अंधार, आणि पार दुसऱ्या टोकाला एक ठसठशीत लाल पट्टी. ज्या चिप्सना तो व्हायलेट म्हणत होता त्या तेवढ्या उघड्या ठेवून पाहिल्या, तर प्रत्येकीत निळा आणि लाल एकत्र. डोळ्याला ते मिश्रण झकास जांभळं दिसतं. कोरलच्या दृष्टीने त्यात व्हायलेट शून्य.

ही एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो आणि ४२० ला जवळपास काहीच नाही. त्यामुळे खरा व्हायलेट मंद, धुरकट दिसतो. डोळे दिपवणारा जांभळा दिसला की त्यात लाल मिसळलाय असं समजायला हरकत नाही. झूझँथेलीतल्या क्लोरोफिल आणि पेरिडिनिन या रंगद्रव्यांना मुख्यतः ४०० ते ५०० च्या आसपासचा निळा प्रकाश लागतो. समुद्रात लाल वरच्या काही मीटरमध्येच शोषला जातो, खालच्या कोरलपर्यंत तो फारसा पोचतही नाही.

तक्रार केल्यावर त्याने व्हिडिओ पाठवला: लक्समीटर लाइटखाली धरलेला आणि आकडा गगनाला भिडलेला. नीट बघितलं तर पांढरा चॅनेल शंभरवर आणि निळा बंद. लक्स आणि लुमेन माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात. ४५० नॅनोमीटरचा रॉयल ब्लू, म्हणजे कोरलचं मुख्य खाद्य, त्या मोजणीत ५५५ च्या ४ टक्केही धरला जात नाही. पांढरा वाढवला की लक्स वाढणारच. मोबाइलमधल्या लक्सच्या अ‍ॅपचंही तेच. लागतो तो पारमीटर, जो ४०० ते ७०० मधले फोटॉन रंगाचा भेदभाव न करता मोजतो. तो महाग असतो, पण हौशी मंडळी उसना देतात. मलाही तसाच मिळाला. लाइट परत २० सेंमीवर नेऊन, सगळं शंभरवर ठेवून मोजलं. माँटीपोराच्या जागी भिंगाच्या बरोबर खाली १७०, वीतभर बाजूला ६०, वाळूवर ४०. जाहिरातीत तळाला ४०० लिहिलं होतं. अंदाजासाठी सांगते: मशरूम-झोआंना ५० ते १००, हॅमरसारख्या एलपीएसला (मोठ्या पॉलिपच्या कोरलला) १०० ते १५०, माँटीपोराला २०० च्या वर.

आणि तो चार्ट! इमेज सर्च केल्यावर तेच चित्र दुसऱ्याच कंपनीच्या वेगळ्या लाइटखाली सापडलं. इथे फक्त वरचा लोगो कापलेला. मूळ मोजणी कितपत खरी होती देव जाणे, कारण डावीकडचे आकडे उजवीकडे जसेच्या तसे होते आणि कोपऱ्यातला आकडा जवळपास मधल्याइतकाच. भिंगवाल्या लाइटखाली असं होत नाही. चार्टसोबत लाइटची पाण्यापासूनची उंची, मोजलेली खोली, चॅनेलची टक्केवारी आणि मोजणी हवेत केली की पाण्यात, एवढं लिहिलेलं नसेल तर तो चार्ट म्हणजे नुसती सजावट.

सगळ्यात वाईट गोष्ट शेवटी कळली. 'आयपी ६७' (धूळ-पाणी आत जाणार नाही असं मानांकन) छापलेल्या ड्रायव्हरची शिवण एका बाजूला उघडी होती आणि आत मिठाचे कण. प्लग तीन पिनांचा, बॉडी धातूची, पण मल्टीमीटर लावला तर अर्थची पिन आणि बॉडी यांचा संबंधच नाही. आत हिरवी वायर होती, कापून टेपने गुंडाळलेली. खाऱ्या पाण्यावर टांगायची वस्तू आहे ही! रंग आणि वाढ बाजूला ठेवा, लाइट आला की ही तपासणी आधी करा. टँकच्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि वायरला प्लगच्या खाली लोंबणारा झोल, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही.

पैशांचं काय झालं? मुदत संपल्याचं सांगून विक्रेत्याने हात वर केले. मी वॉटमीटरचा आकडा आणि कापलेल्या वायरचा फोटो विक्रीच्या प्लॅटफॉर्मकडे पाठवला. कोरल, रंग, स्पेक्ट्रम यावर त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो, ते त्यांना समजत नाही. छापलेला आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी ठेवला की समजतो. निम्मे पैसे परत आले. उरलेले देतो, पण आधी रिव्ह्यू काढा, असा मेसेज विक्रेत्याने केला. रिव्ह्यू आहे तिथेच आहे.

नवा लाइट कमी वॅटचा आहे आणि त्यावर प्रत्यक्ष वापराचा आकडाच छापलेला आहे. भिंगांऐवजी वर डिफ्यूझर, त्यामुळे ठिपके नाहीत. पाण्यापासून २५ सेंमीवर टांगलाय, निळा ६०, पांढरा १५, दिवसाचे नऊ तास, त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा तास चढता-उतरता. इथवर हळूहळूच आणला, दर आठवड्याला थोडा, म्हणजे त्या माणसाच्या पद्धतीनेच. झोआंच्या माना आखडल्या. अर्धा पांढरा झालेला फ्रॅग वाचला नाही, दुसऱ्याला कडेने हिरवा परततोय.

जुन्या लाइटची जाहिरात आता वेगळ्या नावाच्या दुकानाखाली दिसते. चार्ट तोच, लोगोच्या जागेवरची कापाकापीही तीच, फक्त १६५ चे २०० वॅट झालेत आणि चिप्स अजून ५५ च आहेत.